शेळीच्या गळ्यात ब्लूटूथ टॅग बांधला, तो दिवसभर "घरी"च दाखवतोय. रेंज नक्की असते तरी किती?

माणदेशी_गडी

नमस्कार मंडळी. मी चिंचवडला नोकरीला, गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. गावाकडं आबांच्या १४ शेळ्या आहेत, सगळ्या उस्मानाबादी. गेल्या महिन्यात एक गाभण शेळी माळावर मागं राहिली आणि रात्री ९ वाजेपर्यंत आबा बॅटरी घेऊन ओढ्यानं फिरत होते, म्हणून मी ऑनलाइन ते गोल बटणाएवढे ट्रॅकर असतात ना त्याचे दोन नग मागवले, अँड्रॉइडवर चालणारे. एक बाईकच्या चावीला आणि दुसरा चंद्रीच्या गळ्यातल्या पट्ट्याला, घाटीच्या (गळ्यातल्या घंटेच्या) शेजारी, दोऱ्यानं पक्का आवळून. (चंद्री म्हणजे सगळ्यात म्हातारी शेळी, बाकीच्या तिच्या मागं जातात.)

खोक्यावर १०० मीटर लिहिलंय. पण झालं काय, शेळ्या सकाळी ९ ला माळावर गेल्या की अॅपमध्ये शेवटची जागा "घर, सकाळी ८:५२" आणि मग थेट संध्याकाळी परत घर. मधल्या वेळात काहीच नाही. आणि इकडं चिंचवडला चावी तिसऱ्या मजल्यावर राहिली आणि मी पार्किंगमध्ये आलो तरी अॅप म्हणतं कनेक्ट होत नाही, ते अंतर तर २० मीटर पण नसेल. टॅग खराब आलेत का? की मला वापरता येईना? परत करायची मुदत रविवारी संपतीय म्हणून विचारतो.

आबांचं मत विचारू नका. ते म्हणाले ह्याच्यापेक्षा घाटीची रेंज जास्त हाय.

सोल्डरगन

आबा बरोबर बोलले, चेष्टेत नाही, खरंच. शांत माळावर घाटी जेवढी लांब ऐकू येते तेवढा लांब हा टॅग ऐकू येत नाही.

टॅग खराब नाहीयेत, समजुतीत घोळ झालाय आणि तो सगळ्यांचाच होतो कारण अॅपमध्ये नकाशा दिसतो. नकाशा दिसला की माणूस म्हणतो जीपीएस. या टॅगमध्ये जीपीएस नाही, सिम नाही, नेट नाही. आपण कुठं आहोत हे त्या टॅगला स्वतःला अजिबात माहीत नसतं. तो फक्त दर दोनेक सेकंदाला एक हाक मारतो, "मी अमुक नंबर, मी अमुक नंबर", बस. ती हाक जवळून जाणाऱ्या एखाद्या फोनला ऐकू आली तर तो फोन *स्वतःची* जागा त्या नंबराला जोडून कंपनीच्या सर्व्हरवर टाकतो आणि तिथून तुझ्या अॅपला कळतं. तुला नकाशावर जो ठिपका दिसतो तो टॅगचा नसतोच, ऐकणाऱ्या फोनचा असतो. त्या फोनच्या मालकाला यातलं काही कळत नाही आणि माहिती कुलूपबंद जाते, म्हणजे त्यालाही दिसत नाही आणि कंपनीलाही वाचता येत नाही, किल्ली फक्त तुझ्याकडे. हाकेतला नंबरही ठराविक वेळानं बदलत राहतो, नाहीतर कोणीही तो धरून पाळत ठेवली असती.

आता विचार कर, सकाळी ९ ते ६ त्या माळावर चंद्रीच्या आसपास कोणाचा स्मार्टफोन असतो?

जीपीएस का नाही घालत, तर हिशोब बघ. आतला सेल सीआर २०३२, सव्वादोनशे मिलीअँपतास धर. वर्षात ८७६० तास. म्हणजे वर्षभर पुरवायचा तर सरासरी २५ मायक्रोअँपच्या वर जाता येत नाही. जीपीएसची चिप चालू असताना साधारण २५ मिलीअँप खाते, हजारपट. त्याच सेलवर ती ९ तास चालली असती, कागदावर. प्रत्यक्षात तो चपटा सेल सलग एवढा करंट देतच नाही, त्याआधीच मान टाकतो. वर ती जागा तुला कळवायला मोबाइलचं नेटवर्क लागणार ते वेगळंच.

वडापाव_इंजिनिअर

चंद्रीला सिमकार्ड घेऊन द्या. आधारकार्ड मागतील 😂

अनघा_ठाणे

वरचं सोल्डरगन यांचं उत्तर शंभर टक्के. मी उलटा अनुभव सांगते म्हणजे चित्र पूर्ण होईल.

माझ्याकडे ॲपलचा एअरटॅग आहे, ऑफिसच्या सॅकमध्ये असतो. पावसाळ्यात एकदा डोंबिवली फास्टमध्ये सॅक रॅकवर ठेवली आणि ठाण्याला गर्दीच्या लोंढ्याबरोबर मी उतरले, सॅक गेली पुढे. फोन काढला तर ठिपका मुंब्रा, मग दिवा, मग डोंबिवली, दर दोन-तीन मिनिटांनी पुढे सरकतोय, जणू मी तिच्यासोबतच आहे. त्या डब्यात कोणकोणाकडे आयफोन असणार, ते सगळे नकळत माझ्यासाठी राखण करत होते. हेल्पलाइनला डबा कुठला ते सांगितलं, डोंबिवलीला सॅक मिळाली, आतला जेवणाचा डबा पण जसाच्या तसा, फक्त भाजी गार.

आणि हाच टॅग दिवाळीत बॅगेत टाकून नाशिकला चालले होते आणि बॅग भावाच्या गाडीच्या डिकीत, मी मागून ट्रेनने, तर कसाऱ्यानंतर ठिपका जो थांबला तो इगतपुरी येईपर्यंत हलला नाही. मी घाबरून भावाला फोन केला, तो म्हणाला अगं मी घाटात वडा खातोय. तेव्हा कळलं की टॅग तोच, बॅटरी तीच, फक्त आजूबाजूला माणसं नव्हती. (भावाकडे अँड्रॉइड. त्याचा फोन माझ्या टॅगला विचारत पण नाही.)

माणदेशी_गडी

अरे देवा. म्हणजे मी इतके दिवस उगाच अॅप रिफ्रेश करत बसलो होतो. आबांकडं बटणाचा फोन आहे 🙈 आणि माळावर दुसरं कोण येतंय, एखादा मेंढरंवाला आला तर आला.

पण मग हे १०० मीटरचं काय? आणि चावीचं? तिसरा मजला ते पार्किंग म्हणजे काय लांब नाही. आणि अनघाताई म्हणतात की भावाचा अँड्रॉइड विचारत नाही म्हणजे काय, ब्लूटूथ तर सगळ्या फोनला असतं ना?

सोल्डरगन

शेवटचं आधी. ब्लूटूथ सगळ्यांकडे एकच, पण राखणदार वेगवेगळे. एअरटॅगची हाक आयफोन, आयपॅड, मॅक हेच पुढे पोचवतात. सॅमसंगच्या स्मार्टटॅगची सॅमसंग गॅलेक्सीवाले. तुझ्याकडचा गूगलच्या जाळ्यावर आहे, आधी फाइंड माय डिव्हाइस म्हणायचे, २०२५ पासून नाव फाइंड हब. काही टॅग ॲपल आणि गूगल या दोन्हींपैकी कुठलंही एक निवडायला देतात, पण एका वेळी एकच. आपल्याकडे गावात आयफोन हाताच्या बोटावर, अँड्रॉइड घरटी दोन, त्यामुळे गावाकडे तू घेतलास तोच बरा. पण त्यात एक गोम आहे, ती खाली सांगतो.

१०० मीटर खोटं नाही, पण ते मोकळ्या मैदानात, मध्ये काही आड नाही, दोन्ही वस्तू हातभर उंच धरलेल्या, असं मोजलेलं. टॅगची ताकद काही मिलीवॅट. तुझा फोन टॉवरशी बोलताना गरज पडली तर २०० मिलीवॅटपर्यंत जातो, म्हणजे हा त्याच्यापुढे कुजबुजतोय. अंतर दुप्पट झालं की पोचणारी ताकद चौथाई होते, हे तर अगदी मोकळ्या हवेत. मध्ये आरसीसी स्लॅब आला की आणखी मोठा तुकडा जातो, आणि तुझ्या केसमध्ये तीन स्लॅब तिरके, त्यात लोखंडी सळ्या, लिफ्टचा पत्रा. २० मीटर नाही पोचलं यात नवल काही नाही. घरात मी नेहमी १० मीटर धरतो, एक-दोन भिंती धरून, त्याच्यावर मिळालं तर बोनस.

दुसरं म्हणजे पाणी. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झला चालतं, त्या लहरींना ओलं काहीही आवडत नाही, आणि शेळी म्हणजे काय, केस लावलेली पाण्याची पखाल. टॅग गळ्याच्या खाली, फोन पलीकडच्या बाजूला, मधे अख्खी चंद्री. शिवाय ती मान खाली घालून चरते म्हणजे टॅग जमिनीला टेकलेला, गवतात. जमिनीलगत सिग्नल आणखी लवकर मरतो. माणसाच्या मागच्या खिशात चावी असली आणि समोर फोन धरला तरी हाच प्रकार, घरी करून बघ, नुसतं पाठ फिरवली की सिग्नलचा काटा पडतो.

काटा बघायला एनआरएफ कनेक्ट नावाचं फुकट अॅप आहे, नॉर्डिक या नॉर्वेच्या चिपवाल्या कंपनीचं. (एअरटॅगमध्ये ब्लूटूथची चिप यांचीच आहे.) त्यात प्रत्येक टॅगसमोर उणे आकडा दिसतो. उणे ५० म्हणजे हातात, उणे ७०-८० म्हणजे दोन खोल्या पलीकडे, उणे ९५ च्या पुढे गेला की समज आता तुटणार.

माणदेशी_गडी

शनिवारी गावी चाललोय. मोजतोच.

निवांत_काका

गूगलची गोम सोल्डरगन सांगायचे राहिले वाटतं, मी सांगतो, कारण मी त्यात आठ दिवस घालवलेत.

अँड्रॉइड फोनला मुळात जी सेटिंग येते ती "फक्त वर्दळीच्या ठिकाणी" अशी असते. म्हणजे एकाच फोनने टॅग ऐकला तर त्याचं म्हणणं एकट्याचं म्हणून दाखवत नाहीत, अनेक फोनांनी ऐकलं की मग जागा ठरवतात. कारण चांगलंच आहे, एकट्यादुकट्या माणसाच्या घराचा पत्ता कोणाला त्याच्यावरून कळू नये म्हणून. पण त्यामुळे वाडीवस्तीवर टॅग मुका. सेटिंगमध्ये गूगल, मग फाइंड हब, मग ऑफलाइन डिव्हाइस शोधण्याचा पर्याय, तिथं चार पर्याय आहेत, त्यातला "सगळीकडे" निवडायचा. पण तो *ऐकणाऱ्याच्या* फोनमध्ये निवडायचा, हे लक्षात ठेवा! मी आठ दिवस माझ्याच फोनमध्ये करून बसलो होतो आणि म्हणत होतो फरक का पडेना. आता सून, मुलगा, शेजारचे गुरुजी सगळ्यांचे फोन मी स्वतः करून दिलेत.

अजून एक. ज्याने गूगलमध्ये घराचा पत्ता टाकून ठेवलाय त्याचा फोन त्याच्या घराजवळ असताना दुसऱ्यांच्या टॅगची खबर देतच नाही. म्हणून गल्लीत चार फोन असून ठिपका हलत नाही असं होतं.

माणदेशी_गडी

मंडळी, रविवारचा रिपोर्ट. परत करायची मुदत गेली, पण मजा आली.

चुलतभावाला टॅग हातात वर धरून बांधावर उभा केला आणि मी फोन घेऊन नांगरलेल्या वावरातनं चालत गेलो. ६८ पावलांपर्यंत आकडा दिसत होता, मग अधूनमधून, ८० ला गेला तो गेलाच. माझं पाऊल अडीच फुटाचं धरलं तर ५०-६० मीटर झाले. मग तोच टॅग चंद्रीच्या गळ्यात. ती माझ्याकडं तोंड करून उभी तर ३५ पावलं. तिनं ढुंगण फिरवलं, २२. खाली बसली आणि रवंथ करायला लागली, १४!! चौदा पावलं म्हणजे ती मला तोंडानं हाक मारंल एवढं अंतर. गोठ्याला पत्र्याचं दार आहे, ते लावलं तर दाराबाहेर पाच पावलावर गायब.

मग आबांच्या खिशात माझा जुना स्मार्टफोन टाकला, निवांत काकांनी सांगितलेली सेटिंग करून, लोकेशन आणि ब्लूटूथ चालू. आणि चिंचवडला परत येताना फलटणपर्यंत अॅपमध्ये बघतो तर ठिपका माळावर! नेट तिथं येतं-जातं, त्यामुळं दोन-तीन जागा एकदम उशिरानं आल्या, पण आल्या.

पण आज सकाळी आबांचा फोन. म्हणाले तुझा मोबाइल म्हणतोय कुणीतरी माझ्या मागावर हाय. 😳 काय झालं असंल?

अनघा_ठाणे

😂😂 चंद्री आबांचा पाठलाग करतेय!

हसू आलं पण ती सोय फार महत्त्वाची आहे हो. टॅग तुमच्या नावावर, तुम्ही चिंचवडला, आणि तो टॅग तासन्‌तास दुसऱ्याच्या फोनबरोबर हिंडतोय, फोनच्या दृष्टीने हा कोणीतरी आबांच्या पिशवीत गुपचूप टॅग टाकल्याचा प्रकार. माझ्या एका मैत्रिणीच्या स्कूटीच्या सीटखाली खरोखर असा टॅग निघाला होता, कोणी टाकला ते तिला लगेच कळलं, पुढचं इथे लिहीत नाही. सुरुवातीला एअरटॅगची सूचना फक्त आयफोनवर आपोआप यायची, अँड्रॉइडवाल्या बायकांना कळायचंच नाही. मे २०२४ पासून ॲपल आणि गूगल दोघांनी मिळून एकच पद्धत आणली, आता ती पद्धत पाळणारा टॅग कुठल्याही बाजूच्या फोनवर दिसतो. म्हणून ती सूचना बंद करू नका. अॅपमधून तो टॅग आबांच्या फोनवरच्या खात्याशी शेअर करा, मग फोनला कळतं की हा घरचाच आहे.

आणि मालकापासून बराच वेळ लांब राहिलेला टॅग हलवला की स्वतःहून पीप पीप करतो, एअरटॅग तरी करतोच. बाकीच्या शेळ्या बुजायच्या.

सोल्डरगन

मोजमाप झकास, १४ पावलांचा आकडा तर मी ऑफिसात दाखवणार आहे.

पण आता मूळ मुद्द्यावर येऊ. आबांच्या खिशात फोन आणि शेळ्या आबांजवळ, तर तुला कळतंय ते आबा कुठं आहेत ते. त्यासाठी टॅग लागतच नाही. आणि ज्या दिवशी एखादी शेळी मागं राहील, त्या दिवशी ती आबांपासून दोनशे-चारशे मीटरवर असणार, म्हणजे फोनच्या कानाबाहेर, म्हणजे ज्या दिवशी गरज त्याच दिवशी टॅग गप्प. फार तर "शेवटची भेट दुपारी ३:१०, अमुक ठिकाणी" एवढं मिळेल. ते काही कमी नाही, शोध ओढ्यापासून सुरू करायचा की टेकडीपासून एवढं तरी ठरतं. तिथं पोचल्यावर टॅग वाजवायचा आणि कानानं जायचं. ते बाणाने दिशा दाखवणारे असतात त्यात दुसरा रेडिओ असतो, अल्ट्रा वाइडबँड, लहर जायला-यायला किती नॅनोसेकंद लागले त्यावरून अंतर काढतो, एका नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर, म्हणून वीतभर-हातभरापर्यंत नेमकं सांगतो. पण तोही जवळ गेल्यावरच, आणि फोनही तसा पाहिजे.

गोठा_डायरी

सांगोल्याकडचा आहे, गाई आहेत, मी सिमवाला जीपीएस पट्टा वापरून बघितला. चालतो, खरोखर कुठं आहे ते सांगतो, टॉवर असेल तर. पण दर ४-५ दिवसांनी काढून चार्जिंगला लावा, महिन्याचा रिचार्ज वेगळा, आणि एक तर गाईनं खांबाला घासून घासून फोडला. गाईला परवडतं, १४ शेळ्यांना नाही परवडणार. एकाच शेळीला घालायचा असेल तर घाला, पण मागं राहते ती कधीच ती नसते. गाभण किंवा लंगडणारी राहते.

दुसरा एक प्रकार आहे लोरा म्हणून, लांब पल्ल्याचा रेडिओ, आपल्याकडं ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास विनापरवाना चालतो, उंचावर एक अँटेना लावली तर किलोमीटरच्या हिशोबात पोचतो. आमच्या इथं डाळिंबाच्या बागेत मातीचा ओलावा बघायला लावलाय एकानं. जनावरांना तयार पट्टा मला स्वस्तात मिळाला नाही.

वडापाव_इंजिनिअर

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला शेळ्या तिकडं वळवा, लाखभर फोन असतात, चंद्री मिनिटामिनिटाला दिसेल.

माणदेशी_गडी

ते बाकी खरं 😄

गोठा डायरी, तुमचं "मागं राहते ती कधीच ती नसते" हे आबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले ह्या माणसाला कळतंय. गाभण शेळीला आता ते मोठी घाटी बांधणार आहेत, बाजारातनं आणलीय, पितळी.

एक शेवटचं. चावीच्या टॅगचा सेल मेला तर इथं पानटपरीशेजारच्या घड्याळवाल्याकडचा चालतो ना?

निवांत_काका

चालतो, सीआर २०३२ आहे याची खात्री करा, २०२५ पण दिसायला तसाच असतो पण पातळ, सैल बसतो. आणि लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलांवर कडू लेप लावलेला असतो. एअरटॅगमध्ये तसले सेल कधीकधी धरत नाहीत असं ॲपलच सांगते. नवा सेल टाकून टॅग उठला नाही तर सेलच्या कडेचा तो लेप आधी बघा, टॅग फेकू नका. मी फेकला होता.

माणदेशी_गडी

धन्यवाद काका.

चंद्रीचा टॅग सोडला. तो आता आबांच्या चष्म्याच्या डबीला चिकटवलाय, आईच्या फोनवर शेअर करून. डबी दिवसातून चार वेळा हरवते आणि ओसरीच्या पुढं कधीच जात नाही. आई स्वयंपाकघरातनं वाजवते.